फॉरमॅट मारण्याआधी

संगणक ही साहेबाच्या टेबलावरची वस्तू आहे, अशी आमची बरीच वर्षे समजूत होती. आज तसे राहिलेले नाही. सांगली-मिरजेच्या वस्त्यांत, सातारा-कऱ्हाडच्या चाळींत, कामावर जाणाऱ्यांच्या घरीदेखील एखादा सेकंडहँड का होईना, संगणक आला आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखल्यांच्या प्रती, लग्नाचे फोटो, बचतगटाचा हिशेब, जयंती कमिटीची वर्गणीदारांची यादी हे सारे त्यात आहे. पूर्वी जे लोखंडी ट्रंकेत असे, ते आता या पेटीत असते.

ट्रंकेला गंज चढला तर आपण ट्रंक फेकीत नाही. आधी आतले कागद बाहेर काढतो. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलटे करतो. यंत्र मंद झाले, चालू होताना अडकू लागले की घरातला कोणीतरी म्हणतो, "जा, फॉरमॅट मारून आण." मुलगा पेटी उचलून दुकानात नेतो, संध्याकाळी परत आणतो. यंत्र धावू लागते. आणि दोन महिन्यांनी एखादा कागद शोधायला बसावे तर तो नसतो.

हे आमच्याच घरात घडले. आपल्या घरी घडू नये म्हणून लिहीत आहोत.

पेटी वाचली, ट्रंक राहिली

आमचे थोरले बंधू सांगलीला राहतात, आम्ही साताऱ्याला. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट मानतात. त्या वेळी पाणी 57 फुटांच्या पुढे गेले. बंधूंचे घर तळमजल्यावर. रात्री पाणी दारात आले तेव्हा जे हाताला लागले ते घेऊन सारे शेजाऱ्यांच्या माडीवर गेले. पुतण्याने संगणकाची पेटी खांद्यावर घेतली. वहिनींनी धान्य आणि गॅसची शेगडी घेतली. कागदांची ट्रंक खालीच राहिली.

पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तेव्हा आत चिखल होता. त्यात आमच्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला होता. वडिलांचे नाव 1946 साली सातारा जिल्ह्यातील आमच्या गावच्या शाळेत घातले होते. त्या दाखल्याची किंमत आपल्या वाचकांना सांगायला नको. अनुसूचित जातीच्या जात पडताळणीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आपल्या घरांतून असा कागद बहुधा एकच असतो. कुणाच्या आजोबांचा दाखला, कुणाचा गाव नमुना 14 चा उतारा, कुणाचे कोतवाल बुक. तो एक कागद सापडला तर मुलाचे कॉलेज, मुलीची नोकरी सुरळीत. नाही सापडला तर कचेरीचे उंबरे झिजवायचे.

आमचे नशीब म्हणा किंवा पुतण्याची हौस म्हणा, 2018 मध्ये त्याने जुना स्कॅनर आणून घरातले सगळे कागद संगणकात घेऊन ठेवले होते. त्यामुळे मूळ दाखला गेला तरी त्याचे चित्र आहे, असा आम्हा सर्वांना धीर होता. त्याच संगणकात आमच्या आईचा आवाजही होता. ती जाण्याआधीच्या उन्हाळ्यात जात्यावरच्या ओव्या म्हणत असताना पुतण्याने मोबाईलवर टिपून तो संगणकात उतरवला होता.

पुढे पुतणी बारावीला गेली. पडताळणीचा अर्ज भरायचा म्हणून दाखला काढायला बसले, तेव्हा कळले की आठच दिवसांपूर्वी पुतण्याने यंत्र दुकानात नेऊन नवी विंडोज टाकून आणली आहे. दुकानदाराने विचारले होते, "आत काही महत्त्वाचे आहे का?" पुतण्याने सांगितले होते, "सगळे डी ड्राईव्हमध्ये आहे, सी उडवा." दुकानदाराने सी उडवला. दाखले मात्र डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये होते, आणि डेस्कटॉप सी ड्राईव्हमध्येच असतो. दोष कुणा एकाचा नव्हता. एकाने विचारले, दुसऱ्याने उत्तर दिले, आणि दोघांपैकी कोणीही आत डोकावून पाहिले नाही.

सामान कुठल्या खोलीत आहे

संगणकाच्या आत एक हार्ड डिस्क असते, म्हणजे घर समजा. विंडोज ही त्या घराची व्यवस्था. कोणी दार उघडायचे, दिवा कुठे लावायचा, पाहुण्याला कुठे बसवायचे, हे ती पाहते. आपले फोटो, पत्रे, दाखले हे घरातले सामान. व्यवस्था बिघडली म्हणून ती बदलता येते, बाजारात नवी मिळते. सामान मात्र बाजारात मिळत नाही.

आता सी आणि डी. पुष्कळांना वाटते की डी म्हणजे वेगळी, सुरक्षित पेटी आहे. बहुतेक घरच्या यंत्रांत तसे नसते. एकाच डिस्कमध्ये मधे भिंत घालून केलेल्या त्या दोन खोल्या असतात. विंडोज सी मध्ये राहते, म्हणून नवी विंडोज टाकताना सी पुसला जातो आणि डी बहुधा वाचतो. परंतु डिस्कच बिघडली, यंत्र पाण्यात गेले किंवा चोरीला गेले, तर दोन्ही खोल्या एकदमच जातात. तेव्हा डी मध्ये ठेवले म्हणजे नक्कल झाली, ही समजूत आधी मनातून काढून टाकावी.

दुसरी गोष्ट. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाऊनलोड्स, पिक्चर्स हे चारही फोल्डर सहसा सी मध्येच असतात. आपण रोज जे जपून ठेवतो ते याच चार ठिकाणी जाते. म्हणजे फॉरमॅट मारताना जी खोली पुसायची, तिच्यातच आपले बहुतेक सामान असते.

आधी नक्कल, मग बाकी सारे

यंत्र सुरूच होत नाही, मग नक्कल कशी काढायची, असे कोणी विचारील. यंत्र सुरू होत नाही याचा अर्थ फाइली गेल्या असा नाही. पुष्कळदा फक्त विंडोज बिघडलेली असते आणि सामान जागच्या जागी असते. अशा वेळी जाणकार माणूस दोन रीतींनी फाइली काढू शकतो. एक, हार्ड डिस्क बाहेर काढून यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला जोडायची. दोन, उबुंटू किंवा लिनक्स मिंट यांसारखी मोफत प्रणाली पेन ड्राईव्हवर घेऊन त्यावरून यंत्र सुरू करायचे. ती डिस्कवर न बसवताही चालते आणि फाइली बाहेर उतरवून घेता येतात. तेव्हा दुकानदाराला "फॉरमॅट मारा" असे न सांगता "आधी डेटा काढून द्या, तो आम्ही पाहतो, मग फॉरमॅट मारा" असे सांगावे. या कामाचे थोडे जास्त पैसे पडले तरी द्यावेत.

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर मात्र यंत्र पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. तो आवाज डिस्कच्या आतला भाग निकामी होत असल्याची खूण असते, आणि प्रत्येक वेळी चालू केल्याने नुकसान वाढते.

नव्या लॅपटॉपवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. विंडोज 11 च्या पुष्कळ यंत्रांत डिस्कला आपोआप कुलूप लागलेले असते. त्याला बिटलॉकर म्हणतात. त्याची किल्ली 48 आकड्यांची असते आणि बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. यंत्र ठीक असतानाच ती शोधून वहीत लिहून ठेवावी. किल्ली नसेल तर बंद पडलेल्या यंत्रातून फाइली काढणे जाणकारालाही जमत नाही.

नक्कल काढताना वर सांगितलेले चार फोल्डर आणि डी ड्राईव्ह संपूर्ण घ्यावा. त्याखेरीज ज्यांची आठवण राहत नाही अशा गोष्टी वहीत लिहून मगच पुढे जावे. दुकानाचा किंवा संस्थेचा हिशेब टॅलीत असेल तर टॅलीचा डेटा, ब्राऊझरमधले पासवर्ड आणि खुणा, ऑफिसची किल्ली, प्रिंटरचे आणि वायफायचे ड्रायव्हर. हे ड्रायव्हर आधी उतरवून ठेवले नाहीत तर नवी विंडोज टाकल्यावर कधी कधी इंटरनेटच लागत नाही, आणि इंटरनेट नसल्याने ड्रायव्हर मिळत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नक्कल उघडून पाहावी. निव्वळ कॉपी झाली म्हणून समाधान मानू नये. मूळ फोल्डर आणि नक्कल, दोन्हींच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि आकार सारखा आहे का ते पाहावे. मग दुसऱ्या संगणकाला पेन ड्राईव्ह लावून एक फोटो, एक दाखला, एक पत्र आणि एक आवाजाची फाइल उघडावी. चारही उघडल्या तर पुढचे पाऊल टाकावे.

विंडोज टाकताना

मंद झालेल्या यंत्राला प्रत्येक वेळी सगळे पुसण्याची गरज नसते. विंडोज 10 व 11 मध्ये सेटिंगमध्येच "रिसेट धिस पीसी" अशी सोय आहे. त्यात दोन वाटा विचारल्या जातात. "कीप माय फाइल्स" निवडले तर बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम जातात, आपल्या फाइली राहतात. "रिमूव्ह एव्हरीथिंग" निवडले तर सगळेच जाते. पहिली वाट धरली तरी नक्कल आधी काढलेली असावीच, कारण मध्येच वीज गेली तर काय होईल ते सांगता येत नाही. लॅपटॉप असेल तर बॅटरी पुरी भरून आणि चार्जर लावूनच हे काम करावे.

पूर्ण नवी विंडोज टाकायची तर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने किमान 8 जीबीच्या पेन ड्राईव्हवर ती तयार करतात. येथे एक चूक फार जण करतात. त्या पेन ड्राईव्हवर आधी जे असेल ते सारे पुसले जाते. म्हणून ज्यात दाखल्यांची नक्कल घेतली तोच पेन ड्राईव्ह विंडोजसाठी देऊ नये. दोन वेगळे पेन ड्राईव्ह घ्यावेत आणि नकलेच्या पेन ड्राईव्हला रंगीत दोरा बांधून तो घरीच ठेवावा.

विंडोज टाकताना डिस्कच्या कप्प्यांची यादी पडद्यावर येते. तेथे सी आणि डी अशी नावे दिसतीलच असे नाही. पार्टिशन 1, 2, 3 असे आकडे आणि आकार दिसतात. त्यामुळे कोणता कप्पा किती जीबीचा आहे हे आधीच कागदावर लिहून न्यावे. शंका आली तर काहीही डिलीट करू नये. जुना कप्पा न पुसता त्यावरच विंडोज टाकली गेली तर जुने सामान "विंडोज डॉट ओल्ड" नावाच्या फोल्डरमध्ये ढकलले जाते. काही सापडत नसेल तर तेथे लगेच पाहावे, कारण तो फोल्डर कायमचा राहत नाही. पुढे विंडोज स्वतःच तो काढून टाकू शकते.

परवान्याविषयीही थोडे सांगतो. यंत्रावर खरी विंडोज 10 किंवा 11 एकदा चालू झालेली असेल तर त्याच यंत्रावर त्याच प्रकारची विंडोज पुन्हा टाकल्यावर इंटरनेट लागताच ती बहुधा आपोआप मान्य होते, नवी किल्ली विकत घ्यावी लागत नाही. म्हणून पैसे वाचतात या लोभाने "ॲक्टिव्हेटर" नावाचे चोरटे प्रोग्रॅम टाकून घेऊ नयेत. त्यांच्यातून व्हायरस येतात. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातील संगणकांतल्या फाइलींना कुलूप लावून खंडणी मागितली होती. त्यातून इंग्लंडची सरकारी इस्पितळेदेखील सुटली नाहीत. ज्यांनी विंडोजच्या सुधारणा वेळेवर घेतल्या नव्हत्या त्यांना त्याचा मोठा फटका बसला.

विंडोज 10 ची नेहमीची मोफत सुरक्षा मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवली. विंडोज 11 ला किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा आणि टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते. आपल्या घरांतील पुष्कळ जुनी यंत्रे यात बसत नाहीत. म्हणून यंत्र भंगारात घालावे असे मुळीच नाही. लिनक्सच्या प्रणाली मोफत मिळतात, जुन्या यंत्रावर चालतात, त्यांत मराठी लिहिता येते आणि मुलांचा अभ्यास होतो. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही बॉस नावाची अशी प्रणाली तयार केलेली आहे.

मराठी अक्षरांचे कोडे

नवी विंडोज टाकल्यावर एक तक्रार हमखास येते. "फाइल आहे, पण आत मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात." घाबरू नये, फाइल बिघडलेली नाही. जुन्या काळी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये मराठी टाईप करीत. त्या फाइलीत खरे तर इंग्रजी चिन्हेच साठवलेली असतात, आणि तो विशिष्ट फॉन्ट त्यांना मराठीचे रूप देतो. सी पुसल्यावर फॉन्ट गेला की रूपही गेले. म्हणून फॉरमॅटपूर्वी विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधील हे फॉन्ट नकलेत घ्यावेत. तो फॉन्ट पुन्हा बसवला की मजकूर परत दिसू लागतो.

ज्या विहारांच्या, मंडळांच्या जुन्या इतिवृत्तांच्या किंवा स्मरणिकांच्या फाइली अशा फॉन्टमध्ये आहेत, त्यांनी त्या उघडत आहेत तोवर त्यांची पीडीएफ करून ठेवावी आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. युनिकोडमधले मराठी कोणत्याही मोबाईलवर, कोणत्याही संगणकावर मराठीच दिसते. नव्या विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट कळफलकाने लिहिता येते.

सामान परत ठेवतानाही घाई करू नये. व्हायरसमुळे फॉरमॅट मारला असेल तर नक्कल आधी तपासून घ्यावी, नाहीतर गेलेला पाहुणा त्याच पिशवीतून परत येतो. आणि फाइली नकलेतून "कट" करू नयेत, "कॉपी" कराव्यात. काम झाल्यावरही नक्कल नकलेच्या जागी राहिली पाहिजे.

गेलेच तर

आमच्या घरी गेलेच होते. अशा वेळी पहिला नियम एकच. यंत्र ताबडतोब बंद करावे. हार्ड डिस्कवरची फाइल पुसली म्हणजे लगेच नाहीशी होत नाही. तिच्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती आत असू शकते. जितका वापर कराल तितकी ती झाकली जाते. गेलेली फाइल शोधणारा प्रोग्रॅमही त्याच डिस्कवर टाकू नये. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडावी आणि सापडलेले सामान तिसऱ्या जागी उतरवावे. नव्या एसएसडी डिस्कमध्ये मात्र पुसलेली जागा यंत्र स्वतःच लवकर साफ करते, तेथे आशा फार थोडी असते.

आमच्या पुतण्याची डिस्क जुन्या पद्धतीची होती. ती आम्ही साताऱ्याला आणवली. ओळखीच्या एका जाणकाराने फोटोरेक नावाच्या मोफत प्रोग्रॅमने तीन दिवस ती चाळली. हजारो चित्रे बाहेर आली, पण एकालाही मूळ नाव नव्हते, नुसते आकडे. पुतणी दोन रात्री एकेक चित्र पाहत बसली. वाढदिवसाचे फोटो, इंटरनेटवरच्या जाहिराती, अर्धी कापलेली चित्रे. दुसऱ्या रात्री अडीच वाजता तिने आम्हांस हाक मारली. पडद्यावर आजोबांचा दाखला होता. खालची कडा कापली गेली होती, पण शाळेचे नाव, साल आणि जनरल रजिस्टरचा नंबर स्वच्छ वाचता येत होता.

ते चित्र काही कचेरीत चालण्यासारखे नव्हते. पण त्यातल्या नंबराची किंमत मोठी. तो घेऊन आम्ही गावच्या शाळेत गेलो. नंबर नसता तर गुरुजींना अनेक वर्षांची रजिस्टरे चाळावी लागली असती. नंबर होता म्हणून पंधरा मिनिटांत कपाटातून रजिस्टर निघाले, पान उघडले, आणि वडिलांचे नाव जुन्या शाईत समोर आले. रीतसर उतारा मिळाला, पुतणीचा अर्ज गेला.

आईच्या ओव्या मात्र सापडल्या नाहीत. त्या आठ दिवसांत पुतण्याने त्या यंत्रावर सिनेमे उतरवले होते, त्याखाली त्या गेल्या असाव्यात. दाखल्याला शाळेचे रजिस्टर होते. आईच्या आवाजाला दुसरे रजिस्टर नव्हते.

सांगलीचे साताऱ्यात, साताऱ्याचे सांगलीत

साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये एक रजिस्टर जपून ठेवलेले आहे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले, त्याचा क्रमांक 1914. त्या नोंदीमुळेच महाराष्ट्र शासनाने 2017 पासून 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्यास सुरुवात केली. कारकुनाने लिहिलेली एक ओळ, पण कुणीतरी ती सांभाळली म्हणून आज शंभराहून अधिक वर्षांनी आपण ती बोट ठेवून दाखवू शकतो. त्याच बाबासाहेबांचे 1917 साली विलायतेहून परतताना काय झाले तेही आठवावे. ते एका बोटीने आले आणि त्यांचे ग्रंथांचे सामान दुसऱ्या बोटीने निघाले. महायुद्धाचे दिवस होते. ती बोट पाणबुडीने बुडवली आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेले ग्रंथ समुद्रात गेले. एवढ्या जपणाऱ्या माणसाचेही एकाच बोटीत ठेवलेले सामान वाचले नाही. मग आपण एकाच डिस्कवर विसंबून कसे राहावे?

कृष्णा महाबळेश्वराहून निघते, साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेला भेटते, कऱ्हाडला कोयनेला घेते आणि सांगलीला येते. 2005, 2019, 2021 अशी तीनदा तिने सांगलीत घरे बुडवली. म्हणून आम्ही दोघा भावांनी आता एक रीत घातली आहे. सांगलीच्या घरची नक्कल असलेला पेन ड्राईव्ह साताऱ्यात आमच्या कपाटात असतो, आमचा सांगलीत बंधूंकडे, वरच्या फळीवर. वर्षातून दोनदा, 14 एप्रिलला आणि दिवाळीच्या सुट्टीत, भेट होते तेव्हा पेन ड्राईव्ह बदलतो आणि उघडून पाहतो. पेन ड्राईव्ह नुसता पडून राहिला तरी बिघडतो, म्हणून हे पाहणे सोडत नाही. तिसरी प्रत इंटरनेटवर ठेवली आहे. गुगलच्या खात्यात 15 जीबीपर्यंत जागा फुकट मिळते, दाखल्यांना ती भरपूर होते. त्याचा पासवर्ड वहिनींच्या आणि आमच्या घरच्या वहीत लिहिलेला आहे, कारण तो एकट्या मुलाच्या डोक्यात राहिला तर त्याचाही उपयोग नाही. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका सरकारच्या डिजिलॉकरमध्ये मिळतात, त्याही घेऊन ठेवाव्यात. मात्र 1950 पूर्वीचे घरचे कागद तेथे आपोआप येत नाहीत, ते आपणच जपायचे आहेत.

भगिनींना एक वेगळी सूचना. संगणक दुरुस्तीला देताना घरच्या बायकामुलींचे फोटो, आधार कार्डाच्या प्रती, बँकेचे कागद त्यात आहेत हे विसरू नये. शक्य असेल तर घरच्या माणसाने दुकानात समोर बसूनच काम करून घ्यावे. जुने यंत्र विकताना डिस्क काढून ठेवावी. जे पुसलेले आपल्याला परत मिळू शकते ते दुसऱ्यालाही मिळू शकते.

या रविवारी घरातील शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला बाजूला बसवावे आणि विचारावे, "आजोबांचा दाखला कुठे आहे? उघडून दाखव." त्याने किंवा तिने दाखवला तर शाबासकी द्यावी आणि लगेच दुसरी प्रत काढायला सांगावी. आणि घरात कोणी ओव्या म्हणणारी, बुद्ध-भीमगीते गाणारी, गावची जुनी हकीकत सांगणारी म्हातारी माणसे असतील तर त्यांचा आवाज टिपून घ्यावा आणि त्याच दिवशी तो दोन घरांत ठेवावा. आम्ही आता आईच्या बहिणीकडे, आमच्या मावशीकडे, कोरेगावला निघालो आहोत. तिला त्यातल्या बऱ्याच ओव्या पाठ आहेत. पुतण्याही बरोबर येणार आहे, दोन पेन ड्राईव्ह घेऊन.